आधी मोजलेली अनुक्रमणिका : मेनफ्रेमचा पीडीएस आणि खारबावचा सातबारा

वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या मध्ये खारबाव हे स्थानक आहे. ते ज्या गावाचे आहे ते गाव ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, मुंबई महानगराच्या अगदी कुशीत असले, तरी तेथील जमिनीची ओळख आजही सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि फेरफार क्रमांक या तीन आकड्यांनीच सांगितली जाते. याच महानगरात १९६० च्या दशकापासून दप्तराचा एक निराळा प्रकार रुजला, तो म्हणजे मेनफ्रेम संगणकाचा. बँका, विमा कंपन्या, रेल्वे आणि तेल कंपन्या यांचे हिशेब एका ठिकाणी, पुढे तर शेकडो वापरकर्त्यांसाठी एकाच वेळी चालवणारा हा मोठा संगणक आपले प्रोग्रॅम ज्या साठ्यात ठेवत असे, त्याला पार्टिशन्ड डेटा सेट, म्हणजे विभागलेला संच, असे म्हणत आणि रोजच्या बोलण्यात पीडीएस. गावच्या जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या तलाठ्याचे दप्तर आणि पीडीएस यांचा जन्म, वय आणि हेतू यांत काहीच समान नाही. परंतु दोघांच्याही मर्यादांची मुळे शोधत गेले तर ती त्याच दोन निर्णयांपाशी पोहोचतात. मजकूर किती येणार हे कळण्याआधीच त्याच्यासाठी रकाने आखून ठेवायचे, हा पहिला निर्णय. आणि एकदा लिहिलेले जागच्या जागी न बदलता नवे लिखाण शेवटी जोडायचे, हा दुसरा. हे दोन्ही निर्णय ज्या काळात घेतले गेले त्या काळात शहाणपणाचे होते, आणि त्यांचा भार ज्यांच्यावर पडला ती माणसे बहुतेक वेळा निर्णय घेणाऱ्यांच्या नंतरच्या पिढीतली होती.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेली ओएस/३६० ही कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राची साधने निरनिराळ्या कामांत वाटून देणारा मूळ प्रोग्रॅम, १९६६ पासून ग्राहकांच्या हाती येऊ लागली. या व्यवस्थेत साठवलेल्या कोणत्याही नोंदसमूहाला डेटा सेट असे नाव होते आणि डिस्कवरील प्रत्येक डेटा सेटला किमान एक ट्रॅक, म्हणजे फिरत्या तबकडीवरचे एक पूर्ण वर्तुळ, द्यावे लागे. मालिकेबरोबर आलेल्या २३११ या डिस्कच्या एका संचात साडेबहात्तर लाखांच्या आसपास अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधील दोन-तीन छायाचित्रांनी ती भरून जाईल. एखाद्या संस्थेचे हजारभर छोटे प्रोग्रॅम, त्यातील कित्येक तर पन्नास-साठ ओळींचे, प्रत्येकी एकेक स्वतंत्र डेटा सेट करून ठेवले असते, तर अर्धी डिस्क अर्धवट भरलेल्या वर्तुळांतच वाया गेली असती. म्हणून एकच मोठा डेटा सेट करावा, त्याच्या सुरुवातीला अनुक्रमणिका ठेवावी आणि आत लहान लहान मजकूर एकापाठोपाठ एक ठेवावेत, अशी रचना पुढे आली. अनुक्रमणिकेला डिरेक्टरी म्हणत, आतल्या प्रत्येक मजकुराला मेंबर, आणि हे सगळे मिळून पीडीएस. प्रोग्रॅमर त्याला सरळ लायब्ररीही म्हणत.

डिरेक्टरीची बांधणी जवळून पाहिल्यावर पुढच्या बहुतेक अडचणी तिच्यातच दिसू लागतात. ती २५६ अक्षरांच्या ठोकळ्यांची बनलेली असते आणि त्या ठोकळ्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधील २ अक्षरे मोजदादीला जातात आणि २५४ नोंदींसाठी उरतात. एका नोंदीत मेंबरचे नाव ८ अक्षरांचे, त्याचा पत्ता ३ अक्षरांचा आणि खुणेचे १ अक्षर, अशी किमान १२ अक्षरे असतात, म्हणजे नुसत्या नावांच्या २१ नोंदी एका ब्लॉकमध्ये बसतात. पुढे पडद्यावर बसून मजकूर लिहिण्याची आयएसपीएफ ही सोय आली, तेव्हा मेंबर कोणी बदलला, कधी बदलला आणि त्यात किती ओळी आहेत ही माहितीही नोंदीतच ठेवली जाऊ लागली. तिची ३० अक्षरे धरून नोंद ४२ अक्षरांची झाली आणि एका ब्लॉकमध्ये सहाच नोंदी मावू लागल्या. डेटा सेट तयार करताना जेसीएल या आज्ञाभाषेत जागेचे तीन आकडे द्यावे लागतात : सुरुवातीची जागा, ती संपल्यावर दर खेपेस मिळणारी वाढीव जागा आणि डिरेक्टरीचे ब्लॉक. ‘१०, ५, २०’ असे लिहिले तर दहा सिलिंडर (सिलिंडर म्हणजे एकाखाली एक असलेल्या ट्रॅकांचा गट), नंतर पाच-पाच सिलिंडर, आणि डिरेक्टरीला वीस ब्लॉक. पहिल्या जागेला वाढ आहे, तिसऱ्या आकड्याला मात्र वाढ नाही. वीस ब्लॉकांत सुमारे १२० मेंबर बसले की डेटा सेटमध्ये नऊ सिलिंडर रिकामे असले तरी पुढचा मेंबर आत येत नाही, आणि काम ‘बी१४’ या सांकेतिक क्रमांकाने तुटते. काम असे मध्येच तुटण्याला मेनफ्रेमच्या जगात एबेंड म्हणतात. त्यावर उपाय एकच : मोठ्या डिरेक्टरीचा नवा पीडीएस करायचा, सगळे मेंबर त्यात उतरवायचे, जुना काढून टाकायचा आणि नव्याला जुन्याचे नाव द्यायचे, हे चालू असेपर्यंत त्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या सर्वांनी हात बांधून बसायचे.

डिरेक्टरी अशी आधीच मोजून का ठेवली, याचे उत्तर त्या काळच्या स्मृतीच्या किमतीत आहे. सिस्टम/३६० मधील मॉडेल ३० या लहान यंत्राची स्मृती ८ ते ६४ हजार अक्षरांची होती. संपूर्ण अनुक्रमणिका स्मृतीत आणून तीत नाव शोधणे या यंत्राला परवडण्यासारखे नव्हते. म्हणून शोधण्याचे काम डिस्कच्या नियंत्रकाकडेच सोपवले गेले. प्रत्येक ब्लॉकच्या माथ्यावर त्यातील शेवटचे नाव लिहिलेले असे, ब्लॉक वर्णानुक्रमाने लावलेले असत, आणि ‘या नावाइतके किंवा त्यापुढचे नाव माथ्यावर असलेला ब्लॉक दे’ अशी एकच आज्ञा दिली की तबकडी फिरत असताना नियंत्रक तो ब्लॉक स्वतः शोधून काढी. मधल्या वेळात मुख्य यंत्र दुसरे काम करू शके. ही व्यवस्था चालण्यासाठी डिरेक्टरी डेटा सेटच्या अगदी सुरुवातीला, सलग आणि ठरलेल्या आकाराची असणे भाग होते, कारण तिच्या मागोमाग लगेच मेंबरांचा मजकूर सुरू होत असे. पुढे स्मृती स्वस्त झाली आणि हिशेब उलटला; डिस्कवर चालणारा हा शोध मार्ग अडवून ठेवतो अशी तक्रार सुरू झाली आणि वारंवार लागणाऱ्या डिरेक्टऱ्या स्मृतीत धरून ठेवणाऱ्या वेगळ्या सोयी जोडाव्या लागल्या. मूळ आराखड्याला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांनी तो केला त्यांच्यापुढे ६४ हजार अक्षरांचे यंत्र होते, आणि त्या यंत्रावर त्यांनी हजारो प्रोग्रॅम नावाने हाक मारता येतील असे ठेवून दाखवले.

दुसरा निर्णय लिहिण्याचा. मेंबरमध्ये एक अक्षर बदलून तो जतन केला, तरी जुन्या मजकुरावर नवा मजकूर बसत नाही. संपूर्ण मेंबर डेटा सेटच्या शेवटी, पहिल्या मोकळ्या जागी, नव्याने लिहिला जातो आणि डिरेक्टरीतील पत्ता तेवढा बदलतो. मेंबर काढून टाकला तर डिरेक्टरीतील नोंद जाते, मजकूर जिथल्या तिथे पडून राहतो. या पडीक जागेचा पुन्हा उपयोग करण्याची व्यवस्था पीडीएसमध्ये नाही. शंभर ओळींचा एकच मेंबर दिवसातून वीस वेळा जतन करणारा प्रोग्रॅमर संध्याकाळपर्यंत त्याच्या वीस प्रती डिस्कवर ठेवून जातो, आणि त्यातील एकोणीस कोणालाही दिसत नाहीत. अशा रीतीने सगळी जागा भरली, वाढीव तुकडेही संपले (आणि त्यांची संख्या सोळापलीकडे जाऊ शकत नाही), की ‘ई३७’ हा एबेंड येतो. पडीक जागा मोकळी करण्यासाठी आयईबीकॉपी या साधनाने लायब्ररी तिच्याच जागेवर पुन्हा उतरवावी लागते, म्हणजे जिवंत मेंबर एकेक करून पुढे सरकवायचे आणि मेलेल्या प्रती त्यांच्याखाली गाडायच्या. याला ‘कॉम्प्रेस’ म्हणतात, आणि मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत ‘लायब्ररीला कॉम्प्रेस मारला का?’ हा प्रश्न मराठीतच विचारला जात असे. कॉम्प्रेस चालू असताना यंत्र बंद पडले तर काही मेंबर नव्या जागी गेलेले, काही जुन्याच जागी आणि डिरेक्टरी अर्धवट बदललेली, अशी अवस्था होऊन पूर्ण लायब्ररी निकामी होऊ शकते. दुसरे कोणी त्याच वेळी ती वाचत असेल, तर जुन्या पत्त्यावर त्याला भलत्याच मेंबरचा मजकूर मिळतो. यंत्र सतत ज्या लायब्ररीतून आपले प्रोग्रॅम उचलत असते तिच्यावर भर कामात कॉम्प्रेस चालवणे म्हणजे सगळी व्यवस्थाच पाडणे, हे प्रत्येक सिस्टम प्रोग्रॅमरला शिकवले जाई.

खारबावच्या सातबाऱ्याचा इतिहास येथे कामाला येतो. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची पद्धत १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हातून उभी राहिली आणि पुढे इलाखाभर पसरली. या मोजणीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला, परंतु त्या शेतात कोणाकोणाचे हक्क आहेत याची पद्धतशीर नोंद १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर सुरू झाली. गावदप्तराचे नमुने एफ. जी. एच. अँडरसन यांच्या हिशेबपुस्तकाने घट्ट केले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी ही रचना कायम ठेवली : गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, जीत हक्कातील प्रत्येक बदल क्रमाने नोंदला जातो, गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, ज्यात खातेदारांची नावे असतात, आणि गाव नमुना १२ म्हणजे पीकपाहणी. सात आणि बारा एका कागदावर आले आणि सातबारा रूढ झाला.

या दप्तरातही खोडण्याला जागा नाही. खातेदार मयत झाला, जमीन विकली गेली किंवा भावांत वाटप झाले, तर तलाठी नमुना ६ मध्ये पुढचा क्रमांक घालून नोंद करतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारा बदलतो; २०२० पर्यंत त्यावर जुन्या नावाला कंस होऊन नवे नाव त्याच्याखाली लागत असे. कंस झालेले नाव मेलेले असे, पण वाचता येई, आणि नावाच्या शेजारचा फेरफार क्रमांक नमुना ६ मधील नेमकी नोंद दाखवतो. पीडीएसच्या डिरेक्टरीतील तीन अक्षरांचा पत्ता जे काम करतो तेच काम येथे फेरफार क्रमांक करतो. आणि पीडीएसप्रमाणेच येथेही कागदाची जागा मर्यादित असे. तीन-चार पिढ्यांचे वारस, त्यांचे आणे-पैचे हिस्से, सोसायटीच्या कर्जाचे बोजे, कुळाची नावे आणि या सगळ्यांवरचे कंस यांनी पान भरून जाई, आणि पीकपाहणीचे वर्षांचे रकानेही संपत. म्हणून साधारण दर दहा वर्षांनी सातबाऱ्याची पुस्तके नव्याने लिहिली जात. त्या पुनर्लेखनात कंसातली नावे मागे राहत, जिवंत नावे पुढच्या पुस्तकात जात.

महसुली भाषेत हस्तदोष म्हणतात तो या टप्प्यावर शिरे. शेकडो पाने हाताने उतरवून काढताना एखाद्या बहिणीचे नाव राहून जाई, कंस नसलेले नाव कंसातले समजून वगळले जाई, हिश्शाच्या आण्यांची बेरीज चुके, क्षेत्राच्या आकड्यातले दशांश चिन्ह सरके. पीडीएसच्या कॉम्प्रेसमध्ये वीज गेली की जे होते, तेच येथे थकलेल्या हाताने होत असे; फरक इतकाच की संगणकाची लायब्ररी मोडली हे तासाभरात कळते, आणि सातबाऱ्यावरून गळलेले नाव कळायला पुष्कळदा एक पिढी जाते, कारण जमीन विकायला निघाल्याशिवाय किंवा भूसंपादनाची नोटीस आल्याशिवाय जुना कागद कोणी उघडून पाहत नाही. अधिनियमाच्या कलम १५५ मध्ये लेखनातल्या चुका दुरुस्त करण्याची तरतूद आहे, आणि तिची गरज किती खरी आहे हे ज्यांच्या आजीचे नाव पुस्तक बदलताना गळाले त्या कुटुंबांना सांगावे लागत नाही.

हिश्शांचीही अशीच गोष्ट आहे. सर्व्हे नंबरचे वाटप झाले की पोटहिस्सा पडतो, भूमी अभिलेख खाते त्याची मोजणी करून फाळणीचा नकाशा करते, आकारफोड होते, म्हणजे मूळ शेतसारा हिश्शांत विभागला जातो. आणि सार्वजनिक कामासाठी सर्व्हे नंबरचा एक तुकडा गेला तर कमी-जास्त पत्रक, म्हणजे कोणत्या हिश्श्यातून किती क्षेत्र कमी झाले आणि कोठे वाढले याचा तक्ता, तयार होते. खारबावच्या परिसरात या कागदांना अलीकडे फार काम पडले आहे. जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा मालवाहतुकीचा समर्पित लोहमार्ग याच वसई–दिवा पट्ट्यातून गेला; चिंचोटी–अंजूरफाटा रस्त्याच्या आणि भिवंडीच्या गोदामांच्या वाढीने भातखाचरे बिगरशेती होत गेली. ज्या दप्तराचा नमुना आखणाऱ्यांनी एका सर्व्हे नंबराचे दोन-चार हिस्से होतील असे गृहीत धरले होते, त्याच्याकडे आता एका नंबराचे पंधरा-वीस हिस्से येऊ शकतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने किती लहान तुकडा पाडता येईल याला मर्यादा घातली, पण वारसांच्या संख्येला मर्यादा घालणे कोणत्याच कायद्याला शक्य नव्हते. जमीन फुटली नाही तरी तिच्यावरची नावे वाढत राहिली.

मुंबईत मेनफ्रेमचा व्यवसाय मात्र वेगळ्या वाटेने आला. एस्सो या तेल कंपनीच्या मुंबई कार्यालयात १९६१ मध्ये आयबीएम १४०१ हे यंत्र बसले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आले. पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचे मिन्स्क होते. आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या क्षेत्रीय मुख्यालयांत पगार, मालभाड्याचा हिशेब आणि साठ्याची मोजदाद यांसाठी १४०१ यंत्रे चालू झाली. यांपैकी कोणतेही यंत्र पीडीएसच्या पद्धतीचे नव्हते. कार्ड आणि फिती हाच तेथला रोजचा व्यवहार होता. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने एफ. सी. कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकात परदेशी कामे घेतली ती बरोज कंपनीच्या यंत्रांच्या आधाराने. परकी चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य न करता आयबीएम १९७८ मध्ये भारतातून निघून गेली आणि तिची यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले. त्यामुळे जगभरातील बँका ज्या काळात ओएस/३६० च्या वारसदार प्रणालींवर आपली दप्तरे रचत होत्या, नेमक्या त्या काळात भारतात त्या प्रणालींची नवी यंत्रे दुर्मीळ होती. पीडीएस मराठी प्रोग्रॅमरांच्या हाती मोठ्या संख्येने पडला तो परदेशातल्या ग्राहकांच्या यंत्रांमधून, आधी तेथे जाऊन आणि पुढे १९९० च्या दशकात उपग्रहाच्या दुव्यांवरून अंधेरीच्या सीप्झ वसाहतीत किंवा पुण्यात बसून.

या अंतराने पीडीएसच्या मर्यादांना एक भौगोलिक रूप दिले. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होते तेव्हा मुंबईत सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे ज्या वेळेत ग्राहकाचे कर्मचारी घरी असतात आणि लायब्ररी कॉम्प्रेससाठी मोकळी करता येते ती वेळ येथल्या कामाच्या दिवसात पडते. त्याच वेळेत येथले प्रोग्रॅमर त्या लायब्ररीत मेंबर उघडून बसलेले असत, आणि ‘सगळ्यांनी बाहेर या’ असे सांगण्याचे काम कोणातरी एकाला करावे लागे. वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याच्या जुन्या काटकसरीमुळे २००० साल उजाडण्याआधी जगभरचे प्रोग्रॅम तपासावे लागले, तेव्हा ही ओढाताण शिगेला पोहोचली, कारण हजारो मेंबर उघडायचे, तारखेची दोन ओळींची दुरुस्ती करायची आणि जतन करायचे म्हणजे प्रत्येक दुरुस्तीमागे संपूर्ण मेंबरची नवी प्रत शेवटी लिहिणे होय. ज्या लायब्ररी वर्षानुवर्षे शांत होत्या त्यांच्यात पडीक जागा या काळात झपाट्याने साचत गेली. दोन आकड्यांचे वर्ष आणि आधी मोजलेली डिरेक्टरी या दोन्ही काटकसरी एकाच दशकातल्या होत्या, आणि एकीची फेड करताना दुसरीचीही करावी लागली.

एकाच लायब्ररीत अनेकांनी लिहिण्याचा प्रश्न तर आणखी नाजूक होता. मुळात पीडीएसमध्ये लिहिण्याची मोकळी जागा एकच, शेवटची. म्हणून दोन कामांनी दोन वेगवेगळे मेंबर एकाच क्षणी लिहायला घेतले, तर दोघेही त्याच जागी लिहू लागतात आणि एकाचा मजकूर दुसऱ्याच्या नावाखाली जातो. हा अनर्थ टाळण्यासाठी पुढच्या प्रणाली दुसऱ्याला दारातच अडवू लागल्या, आणि ‘२१३’ क्रमांकाचा एबेंड देऊन काम तोडू लागल्या. आयएसपीएफने आपल्यापुरती कुलपे ठेवली, एक मेंबर एकाच वेळी एकानेच उघडावा असा बंदोबस्त केला, पण ते कुलूप पाळणे न पाळणे इतर साधनांच्या हाती होते. सुरक्षेचीही तीच स्थिती : आरएसीएफसारखी परवाना देणारी प्रणाली संपूर्ण लायब्ररीला कुलूप लावी, आतल्या एका मेंबरला नाही, म्हणून ज्याला पगाराचा एक प्रोग्रॅम बदलू द्यायचा त्याला पगाराचे सगळेच प्रोग्रॅम बदलू द्यावे लागत. परिणामी कामाची व्यवस्था माणसांच्या शिस्तीवर उभी राहिली. प्रत्येकाची स्वतःची लायब्ररी वेगळी, चाचणीची वेगळी, प्रत्यक्ष कामाची वेगळी, आणि एकीतून दुसरीत मेंबर नेण्याचा अधिकार एका ठरलेल्या माणसाकडे. तलाठ्याने नोंद घालायची आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची, ही विभागणीही याच गरजेतून आलेली आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती वेळखाऊ आहे म्हणून तिच्यावर टीका झाली. परंतु तिच्याशिवाय दप्तर टिकले नसते, हे टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही.

नावांची आठ अक्षरांची मर्यादा आणि एका लायब्ररीतील सर्व मेंबरांच्या ओळी एकाच नमुन्याच्या असण्याची अट यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. प्रोग्रॅमच्या लायब्ररीतील ओळ ८० अक्षरांची असे, कारण छिद्रांचे कार्ड ८० रकान्यांचे होते, आणि कार्डे भंगारात गेल्यानंतरही कोबॉल या भाषेत लिहिणारा प्रोग्रॅमर सातव्या रकान्यात टिपणाची खूण देऊन बहात्तराव्यापाशी ओळ तोडत राहिला. आठ अक्षरांत प्रणालीचे नाव, कामाचा प्रकार आणि अनुक्रम कोंबण्याच्या पद्धती प्रत्येक संस्थेत निराळ्या होत्या, आणि त्या ठाऊक असलेला जुना माणूस सोडून गेला की नावे वाचणारे कोणी उरत नसे.

साठ्याच्या आकाराची कमाल मर्यादा मात्र पत्त्याच्या त्या तीन अक्षरांतून निघते. त्यातील दोन अक्षरे ट्रॅकचा क्रमांक सांगतात आणि एक त्या ट्रॅकवरील ब्लॉकचा. दोन अक्षरांत ६५,५३५ पलीकडचा आकडा मांडता येत नाही, म्हणून पीडीएस तितक्याच ट्रॅकांचा असू शकतो, आणि तोही एकाच डिस्कवर. १९८९ मध्ये आलेल्या ३३९० या डिस्कच्या ट्रॅकवर ५६,६६४ अक्षरे मावतात, त्यामुळे ही मर्यादा सुमारे ३.७ अब्ज अक्षरांवर येते. १९६४ च्या २३११ डिस्कच्या मानाने ती पाचशे पटींहून मोठी आहे, आणि ज्यांनी दोन अक्षरे पुरेशी मानली त्यांनी इतक्या पुढचे पाहिले असे म्हणावे लागेल. तरीही पुढे ३३९० च्याच मोठ्या प्रकारांत दीड लाख ट्रॅक आले, आणि पीडीएसला त्यांचा अर्धाही भाग वापरता येईना.

१९९० च्या आसपास आयबीएमने पीडीएसई, म्हणजे विस्तारित पीडीएस, आणला. त्याचा साठा ४,०९६ अक्षरांच्या पानांत विभागलेला असतो, डिरेक्टरी मजकुराबरोबर वाढते, काढलेल्या मेंबरची पाने पुन्हा वापरात येतात, तुकडे १२३ पर्यंत जाऊ शकतात आणि दोघे जण एकाच वेळी दोन मेंबर लिहू शकतात. कॉम्प्रेसची गरजच संपते. एवढे असूनही जुना पीडीएस गेला नाही. पीडीएसई वाचण्यासाठी प्रणालीचा एक स्वतंत्र भाग आधी सुरू झालेला असावा लागतो, आणि यंत्र चालू होताना तो सुरू होण्याआधीच ज्या लायब्ररी लागतात, त्या जुन्याच पद्धतीच्या असाव्या लागतात. प्रणालीचा गाभा असलेली न्यूक्लियस लायब्ररी ही त्यांपैकी एक. शिवाय डिस्कवरील पीडीएसची मांडणी इतकी सरळ आहे की बिघाड झाला तर जाणकार माणूस ब्लॉक उघडून पाहू शकतो, काढलेल्या मेंबरचा मजकूर कॉम्प्रेस होण्याआधी त्याच्या जुन्या पत्त्यावर शोधून परत आणू शकतो. पडीक जागा परत वापरणाऱ्या पीडीएसईत ही आशा राहत नाही. ज्या पडीक जागेबद्दल तीस वर्षे तक्रार झाली तिच्यात चुकीने हात गेलेल्या माणसाला माघारीची वाट होती, ही गोष्ट ती गेल्यावर अधिक स्पष्ट झाली.

खारबावचा सातबाराही पुढे कागदावरून संगणकावर येऊ लागला. संगणकातील नोंदी हस्तलिखिताशी जुळतात की नाही हे पाहण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले, म्हणजे गावकऱ्यांसमोर सातबारा मोठ्याने वाचून हरकती घेतल्या गेल्या. ई-फेरफार प्रणालीत नोंदी थेट संगणकावर होऊ लागल्या आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पान भरण्याची आणि दहा वर्षांनी पुस्तक उतरवून काढण्याची अडचण यात उरली नाही. २०२० च्या सुधारित नमुन्यात मयत खातेदार आणि फिटलेले बोजे यांना कंस करण्याऐवजी त्यांच्यावर आडवी रेषा येऊ लागली. परंतु संगणकात जे भरले गेले ते शेवटच्या हस्तलिखित पुस्तकातून, आणि त्याआधीच्या पुनर्लेखनांत जे गळाले ते त्या पुस्तकात नव्हतेच. चावडीवर वाचले जाणारे दोन्ही कागद एकमेकांशी जुळले, तरी दोन्हीत नसलेले नाव वाचले जाण्याची शक्यता नव्हती.

तरीही येथे तलाठ्याचे दप्तर पीडीएसच्या पुढे आहे. कॉम्प्रेस झालेल्या लायब्ररीचा आधीचा मजकूर त्या डिस्कवर कोठेच उरत नाही, आणि कोणी आधीच फितीवर प्रत काढून ठेवली नसेल तर तो कायमचा जातो. म्हणून जाणती माणसे प्रत घेतल्याशिवाय कॉम्प्रेसला हात लावत नसत. सातबाऱ्याचे मात्र नवे पुस्तक लिहून झाले की जुने फाडले जात नसे, ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जात असे, आणि नमुना ६ च्या फेरफार वह्या तर एकाच क्रमाने मागेपर्यंत सलग जातात. ठाणे जिल्ह्याच्या या जुन्या अभिलेखांची छायाचित्रे आता संगणकावर पाहता येतात. ज्या कुटुंबाला आपल्या सर्व्हे नंबरावरून एखादे नाव केव्हा गळाले हे शोधायचे आहे त्याने आजच्या सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकापासून मागे जावे, प्रत्येक पुनर्लेखनाच्या आधीचे आणि नंतरचे पान शेजारी ठेवावे, आणि नाव एका पानावर असून दुसऱ्यावर नाही, मधे कोणताही फेरफार नाही, असे आढळले की त्या दोन पानांच्या नकला जोडून कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा.